प्रसूतीचा मार्ग, नवजाताचे आतडे आणि मराठीची तृतीया

एका वाक्याची चिकित्सा करावी, एवढाच ह्या टिपणाचा हेतू आहे. वाक्य छापील नाही. ते एका बारशाच्या प्रसंगी कानावर पडले. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस, जालना रस्त्यावरील करमाड हे प्रस्तुत लेखिकेचे सासर. तेथे आप्तांच्या घरी बारसे होते. बाळ रडत होते, पाय पोटाशी घेत होते. जमलेल्यांपैकी एका सुशिक्षित गृहस्थांनी, वाचून जाणणाऱ्या माणसाच्या निश्चयाने, सांगितले : “सिझेरियनने झालं ना, म्हणून त्याच्या पोटात चांगले जंतू गेलेच नाहीत.” बाळंतिणीने मान खाली घातली. तिच्या आईने, जणू काही आपण अपराधी आहोत अशा आवाजात, “डॉक्टरांनी करावंच लागेल म्हटलं,” असा खुलासा केला. त्या खुलाशाची कोणास गरज वाटावी, हेच मुळी ध्यानात घेण्यासारखे आहे.

हे वाक्य निराधार नाही, म्हणूनच ते तपासण्याजोगे आहे. त्याच्या मागे सुमारे दीड दशकाचे गंभीर संशोधन उभे आहे आणि त्यातील एक महत्त्वाचा निबंध आपल्याच राज्यात, पुण्यात, सिद्ध झाला आहे. परंतु प्रयोगशाळेतून निघालेले विधान करमाडच्या ओसरीवर पोचेपर्यंत त्याचे व्याकरण पालटते. ह्या पालटात काय हरवते आणि काय नव्याने शिरते, हे पाहणे भाषाभ्यासकाच्या अधिकारात येते असे वाटल्यावरून हे धाडस केले आहे. प्रस्तुत लेखिकेचे दोन्ही मुलगे शस्त्रक्रियेने जन्मले, हेही आरंभीच सांगून टाकणे बरे. म्हणजे युक्तिवादात कोठे झुकते माप पडले असल्यास वाचकास ते हेरता येईल.

प्रथम शास्त्राची बाजू. नवजात बालकाच्या विष्ठेतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास नवा नाही. म्युनिक येथील बालरोगतज्ज्ञ थिओडोर एश्चेरिक ह्यांनी 1885 साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून जो जीवाणू वेगळा करून वर्णिला, तोच पुढे त्यांच्या नावाने एश्चेरिकिया कोलाय म्हणून विख्यात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए ह्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगावर पिणाऱ्या मुलांच्या विष्ठेत टोकाशी दुभंगलेला एक जीवाणू विपुल आढळला. आजचे बिफिडोबॅक्टेरियम ते हेच. ह्या दोघांनाही उपलब्ध साधन होते ते सूक्ष्मदर्शकाचे आणि काचपात्रात जीवाणू वाढविण्याचे. जे काचपात्रात वाढत नाहीत ते दिसत नाहीत, ही त्या पद्धतीची मर्यादा होती. पुढे जीवाणू न वाढविता त्यांच्यातील रायबोसोमच्या एका विशिष्ट जनुकाचा अनुक्रम वाचून त्यांची ओळख पटविण्याची रीत रूढ झाली आणि ह्या अभ्यासाचे क्षितिज एकदम विस्तारले.

नव्या पद्धतीने प्रसूतीच्या मार्गाचा प्रश्न ठळकपणे मांडला तो मारिया ग्लोरिया दोमिंगेझ-बेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली. व्हेनेझुएलातील पुएर्तो आयाकुचो येथील 9 माता आणि त्यांची 10 नवजात बालके, एवढाच त्यांचा पसारा. योनिमार्गाने जन्मलेल्या बालकांच्या अंगावर व तोंडात मातेच्या योनिमार्गातील जीवाणूंशी मिळतेजुळते जीवाणू सापडले, तर शस्त्रक्रियेने जन्मलेल्यांत त्वचेवरील जीवाणूंशी मिळतेजुळते. निष्कर्ष चित्तवेधक होता, सहज सांगता येण्याजोगा होता, आणि म्हणूनच तो जगभर झपाट्याने पसरला. दहा बालके हा आकडा मात्र त्याच्याबरोबर प्रवास करू शकला नाही.

दोनच वर्षांनी, 2012 मध्ये, पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ह्या संस्थेतील योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘जर्नल ऑफ बायोसायन्सेस’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्ण दिवसांच्या, निरोगी भारतीय बालकांच्या विष्ठेतील सूक्ष्मजीवांची, जन्माच्या दोन पद्धतींनुसार तुलना असे त्याचे स्वरूप. दोन्ही गटांतील सूक्ष्मजीवसमूह स्पष्टपणे भिन्न आढळले. शस्त्रक्रियेने जन्मलेल्यांत सिट्रोबॅक्टर, एश्चेरिकिया कोलाय आणि क्लोस्ट्रिडियम डिफिसिल ह्यांचे प्राबल्य होते, आणि बिफिडोबॅक्टेरियम आढळलेच नाही. करमाडच्या गृहस्थांच्या वाक्याला आधार शोधावयाचा तर तो येथे मिळतो.

पण निबंध येथे संपत नाही. खरे तर तो येथून पुढे रंगतदार होतो. योनिमार्गाने जन्मलेल्या बालकांत बिफिडोबॅक्टेरियम व स्टॅफिलोकोकस ह्यांच्याबरोबर सर्वांत विपुल कोण आढळावे? ॲसिनेटोबॅक्टर. निबंधाच्या शीर्षकातच ह्या गोष्टीचा उल्लेख आहे, इतकी ती संशोधकांना लक्षणीय वाटली. ॲसिनेटोबॅक्टरच्या ज्या जाती त्यांना मिळाल्या त्यांत बाउमानी ही एक होती. रुग्णालयांतील हट्टी, औषधांना दाद न देणाऱ्या संसर्गांमुळे जिचे नाव जगभर कुप्रसिद्ध आहे तीच ही जात. दिल्लीतील तीन रुग्णालयांत नवजातांच्या रक्तदोषाचा जो विस्तृत अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला, त्यात संवर्धनाने सिद्ध झालेल्या संसर्गांत ॲसिनेटोबॅक्टर हा गट 22 टक्क्यांसह पहिल्या क्रमांकावर होता. म्हणजे पुण्याचा निबंध नीट वाचला तर ‘सरळ प्रसूती म्हणजे चांगले जंतू’ हे समीकरण त्याच निबंधाच्या पानावर मोडते. उलट बाजूही तशीच. क्लोस्ट्रिडियम डिफिसिल प्रौढांत अतिसाराचा भयंकर कारक असला, तरी निरोगी तान्ह्या मुलांच्या पोटात तो कित्येकदा कोणताही उपद्रव न देता नांदतो. आणखी एक गंमत अशी की ह्या निबंधात अधिक विविधता आढळली ती शस्त्रक्रियेने जन्मलेल्यांत. ‘विविधता म्हणजे आरोग्य’ असे जे सूत्र प्रौढांच्या आतड्याविषयी वारंवार सांगितले जाते, ते येथे लावले तर निकाल नेमका उलटा लागेल! अर्थात् तसे लावू नये. तान्ह्या आणि अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आतड्यात मोजक्याच जीवाणूंचे राज्य असणे स्वाभाविक आहे. मातेच्या दुधात काही शर्करा अशा असतात की ज्या बालकाला स्वतःला पचत नाहीत. त्या जणू बिफिडोबॅक्टेरियमसाठीच वाढून ठेवलेल्या असतात.

‘चांगले’ आणि ‘वाईट’ ही विशेषणे जीवाणूंना लावण्यात जी घाई होते तिला मराठी शब्दांचा इतिहासही थोडासा कारण आहे. ‘जंतू’ हा मूळ संस्कृत शब्द. ‘जन्’ म्हणजे जन्मणे ह्या धातूपासून तो आला, आणि त्याचा अर्थ होता जन्मलेला जीव, प्राणिमात्र. ‘जन्म’ आणि ‘जंतू’ एकाच धातूची अपत्ये. मराठीत ह्याच शब्दाची एक शाखा पोटातल्या कृमींकडे गेली आणि ‘जंत’ झाली. दुसरी शाखा आधुनिक वैद्यकाच्या हाती पडली आणि ‘जंतुनाशक’, ‘जंतुसंसर्ग’, ‘निर्जंतुक’ असे शब्द निपजले. ह्या सर्वांत जंतू हा मारावयाचाच पदार्थ आहे. पुढे परिभाषाकारांनी ‘जीवाणू’ हा निःपक्षपाती शब्द घडविला खरा, पण तो पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा पडला नाही. परिणामी, ज्या भाषेत जंतू स्वभावतःच वाईट, तीत त्याची एखादी उपकारक बाजू सांगावयाची झाल्यास ‘चांगले’ हे विशेषण जोडण्यावाचून गत्यंतर नाही; आणि एकदा ‘चांगले’ म्हटले की उरलेले आपोआप वाईट ठरतात. वस्तुतः एकच जीवाणू आतड्यात निरुपद्रवी आणि रक्तात प्राणघातक असू शकतो. स्थान बदलले की शील बदलते.

जाता जाता आणखी एका शब्दाचा उल्लेख करतो तो ‘वसाहत’ ह्याचा. बालकाच्या आतड्यात जीवाणू स्थिरावण्याच्या क्रियेस आपल्याकडील लेखक ‘वसाहत होणे’ असे म्हणतात. करमाडच्या माणसाला ‘वसाहत’ म्हटले की शेजारची शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आठवते : मोजलेले भूखंड, आखलेले रस्ते, आधी येईल त्याला जागा. हे चित्र सर्वस्वी चुकीचे नाही, पण फसवे आहे. आतड्यातील भूखंड कायमचे दिले जात नाहीत. पहिल्या आठवड्यात ज्याने ठाण मांडले तो सहा महिन्यांनी बेदखल झालेला असू शकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. “सिझेरियनने झालं ना, म्हणून...” ह्या वाक्यातील ‘ने’ हा प्रत्यय तृतीयेचा आहे. मराठीत तृतीया दोन निरनिराळी कामे करते. ‘कुऱ्हाडीने लाकूड तोडले’ येथे ती साधन दाखविते. ‘तापाने तो खंगला’ येथे ती कारण दाखविते. संस्कृत वैयाकरणांस हा भेद इतका महत्त्वाचा वाटला की पाणिनीने करणाच्या तृतीयेला आणि हेतूच्या तृतीयेला स्वतंत्र सूत्रे दिली. मराठी बोलणारा मात्र एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर केव्हा सरकला हे त्याचे त्यालाही कळत नाही. ‘सिझेरियनने जन्मलेले मूल’ ह्यातील तृतीया निखळ साधनाची : जन्म कोणत्या मार्गे झाला एवढेच ती सांगते. ‘सिझेरियनने पोट बिघडले’ ह्यातील तृतीया हेतूची. पहिल्या प्रयोगातून दुसऱ्यात जावयास मध्ये पुरावा लागतो. भाषेला तो लागत नाही, कारण प्रत्यय तोच आहे.

पुण्याचा निबंध काय म्हणतो? विशिष्ट जीवाणू विशिष्ट गटा‘त’ आढळले. ही सप्तमी आहे, अधिकरणाची विभक्ती. ती ठिकाण सांगते, कारण सांगत नाही. निबंधातील सप्तमी ओसरीवर येताना तृतीया होते, आणि कोणी अधिक ठासून बोलू लागला की तृतीयेच्या जागी ‘मुळे’ येते. ‘मुळे’ ह्या शब्दयोगी अव्ययात ‘मूळ’ स्पष्टच दिसते. तेथे संदिग्धतेलाही वाव उरत नाही. ‘-त आढळले’, ‘-ने झाले’, ‘-मुळे बिघडले’ : तीन पायऱ्यांत सहसंबंधाचा कार्यकारणभाव झाला, आणि कोणी खोटे बोलले असे मात्र झाले नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की हा निव्वळ शब्दच्छल झाला. जन्माच्या मार्गाचा परिणाम नसता तर दोन गटांत फरक का पडावा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर व्याकरणात नसून प्रसूतिगृहात आहे. ‘सिझेरियन’ ह्या एका शब्दाच्या पोटात किती गोष्टी बसलेल्या असतात ते पाहावे. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा तिच्या वेळी मातेला प्रतिजैविके दिली जातात. छेद घेण्यापूर्वी दिली तर ती नाळेवाटे बालकापर्यंत पोचतात. शस्त्रक्रियेनंतर माता काही काळ उठू शकत नाही, मूल कुशीत घेण्यास विलंब होतो, पहिले पिवळे दूध उशिरा मिळते. रुग्णालयातील मुक्काम वाढतो, आणि त्याबरोबर रुग्णालयातील जीवाणूंचा सहवासही. शस्त्रक्रिया ज्या कारणास्तव करावी लागली, म्हणजे मातेचा रक्तदाब, मधुमेह, बालकाची घुसमट, त्या कारणाचा स्वतःचा परिणाम असू शकतो तो वेगळाच. शिवाय ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि अनेक तास कळा देऊन, पाणमोट फुटून गेल्यावर, शेवटी नाइलाजाने केलेली शस्त्रक्रिया ह्या दोहोंस आपण एकच ‘सिझर’ म्हणतो. वास्तविक दुसऱ्या प्रकारात बालकाचा मातेच्या जननमार्गातील जीवाणूंशी संपर्क येऊन चुकलेला असतो. इतक्या कारणांना एका नामात कोंबून त्या नामास तृतीया लावावयाची, आणि मग तो एकच कर्ता आहे असे मानावयाचे, ह्यात शास्त्र थोडे आणि वाक्यरचनेची सोय अधिक आहे.

ह्युस्टन येथील अभ्यासकांनी 2017 साली नेमका हाच पेच पुढे केला. त्यांच्या अभ्यासात जन्माच्या वेळी काही फरक दिसला, परंतु सहा आठवड्यांनंतर आतड्यातील सूक्ष्मजीवांवर प्रसूतीच्या पद्धतीची ठळक छाप त्यांना आढळली नाही. ह्या निष्कर्षाने काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो घाईचा ठरला. कारण 2019 साली ब्रिटनमधील 596 पूर्ण दिवसांच्या बालकांचा, 1,679 नमुन्यांवर आधारलेला अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याने फरक आहे हे निःसंशय दाखविले. शस्त्रक्रियेने जन्मलेल्यांत बॅक्टेरॉइडीस ह्या गटाची उणीव होती. एंटरोकोकस, एंटरोबॅक्टर, क्लेब्सिएला असे रुग्णालयाच्या परिसरात वावरणारे आणि संधी मिळताच रोग करणारे जीवाणू अधिक होते. हा फरक महिन्यांच्या ओघात बराच कमी होत गेला, तरी तो होता. आपल्या कलाच्या विरुद्ध जाणारा पुरावा असला तरी तो येथे नोंदविणे प्राप्त आहे.

तथापि ह्याच अभ्यासाने प्रचलित कथेच्या मर्मावरही घाव घातला. दोमिंगेझ-बेयोंच्या निष्कर्षावरून जगाने अशी समजूत करून घेतली होती की बालक योनिमार्गातून जाताना तेथील जीवाणू गिळते आणि तेच त्याच्या आतड्यात रुजतात. ब्रिटनमधील बालकांच्या आतड्यात योनिमार्गातील जीवाणू जवळजवळ नव्हतेच. मातेकडून आलेले जीवाणू तिच्या आतड्यातील होते. प्रसूतीच्या वेळी मूल ज्या वाटेने येते तिच्या निकट मातेचे गुदद्वार असते, एवढ्या साध्या आणि काहीशा अप्रतिष्ठित वस्तुस्थितीत ह्या वारशाचे रहस्य असावे. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बालकाच्या अंगाला मातेच्या योनिस्रावाचा बोळा फिरवावयाचा, ह्या ‘बीजारोपणा’चा प्रयोग 2016 साली गाजला, त्यात तो उपचार मिळालेली बालके अवघी 4 होती. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये संशोधनाबाहेर हा प्रकार करू नये असा इशारा दिला, कारण बोळ्याबरोबर रोगजंतूही जाऊ शकतात. ‘बीजारोपण’ हे रूपक ज्याने योजले त्याने शेतीची आठवण करून दिली खरी. परंतु बी कोणते आणि ते कोणत्या वाफ्यातले, ह्याचीच त्या काळी खातरजमा झालेली नव्हती. पुढे 2020 साली फिनलंडमध्ये 7 बालकांना मातेच्या विष्ठेचा कसून तपासलेला सूक्ष्म अंश दुधातून दिला गेला तेव्हा त्यांच्या आतड्यातील जीवाणूंची घडण सरळ प्रसूतीने जन्मलेल्यांच्या घडणीकडे झुकली. हे घरी करून पाहण्याजोगे नाही, हे सांगणे न लगे.

आणि रोगांचे काय? शस्त्रक्रियेने जन्मलेल्यांना दमा अधिक होतो असे मोठ्या पाहण्यांत दिसून आले आहे. डेन्मार्कमधील 700 मुलांच्या एका समूहाच्या अभ्यासात (2020) ह्या विधानाला एक मोलाची मर्यादा पडली : धोका अधिक आढळला तो शस्त्रक्रियेने जन्मलेल्या ज्या मुलांच्या आतड्यातील सूक्ष्मजीवसमूह वर्षाच्या वयापर्यंत परिपक्व झाला नाही त्यांच्यात. ज्यांचा झाला, त्यांच्यात नाही. सप्तमीचे मोल येथे कळते. ‘सिझेरियनमुळे दमा होतो’ ह्या वाक्यात ह्या दुसऱ्या मुलांना जागाच नाही.

आपल्या देशातही एक दाखला असा आहे की ज्याची चर्चा बारशांत व्हावयास हवी आणि होत नाही. ओडिशाच्या ग्रामीण भागात 4,556 नवजातांवर झालेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत लॅक्टोबॅसिलसची एक निवडक जात आणि तिला पोषक शर्करा थोडे दिवस तोंडावाटे दिली. रक्तदोष व मृत्यू ह्यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. ही बालके अंगावर पिणारी होती. जन्माचा क्षण उलटून गेल्यावरही काही करता येते, असा ह्याचा अर्थ होतो. आणि काय करावयाचे ते पुष्कळसे औषधाच्या दुकानाबाहेरचे आहे. मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019–21) देशातील 88.6 टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या, तरी जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या बालकांचे प्रमाण 41.8 टक्केच भरले. त्याच पाहणीत शस्त्रक्रियेने झालेल्या जन्मांचे प्रमाण 21.5 टक्के आहे. खाजगी रुग्णालयांत ते 47.4 टक्के, सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. ह्या दोन आकड्यांमधील दरी वैद्यकीय गरजेने समजावून देता येणे कठीण आहे, आणि अनावश्यक शस्त्रक्रियांवर जी टीका होते ती योग्यच आहे. पण ती टीका ज्याच्या दारी जावयास हवी त्याच्या दारी न जाता बाळंतिणीच्या खाटेपाशी येऊन थांबते. ह्याचे कारण पुन्हा शब्दांत शोधावे लागते.

शस्त्रक्रियेने मूल बाहेर काढण्याची कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील मूढगर्भाच्या अध्यायात मृत मातेच्या उदरातील जिवंत गर्भ छेद देऊन काढण्याचा निर्देश आहे. परंतु मराठीच्या जुन्या वाक्प्रचारांत प्रसूतीचा मार्ग नोंदविलेला नाही. ‘बाळंत झाली’, ‘मोकळी झाली’, ‘सुटका झाली’, आणि सर्वांत सुंदर म्हणजे ‘हातीपायी सुटली’. ह्या प्रत्येकात कर्त्री आहे ती माता, आणि बातमी आहे ती तिच्या जिवाची. हातपाय धड घेऊन बाई ह्या प्रसंगातून बाहेर आली, एवढेच गावाला कळावयास हवे होते. ज्या काळी हे गृहीत धरता येत नव्हते त्या काळाची ही भाषा आहे. आज करमाडात काय ऐकू येते? ‘नॉर्मल झाली’ किंवा ‘सिझर झालं’. पहिल्या प्रयोगात क्रियापद स्त्रीलिंगी आहे. ते ‘डिलिव्हरी’ ह्या अध्याहृत शब्दाशी जुळते, पण ऐकणाऱ्याला ती बाईच नॉर्मल झाल्यासारखे वाटते. दुसऱ्यात क्रियापद नपुंसकलिंगी, शस्त्रक्रियेशी जुळणारे. बाई षष्ठीत गेली, ‘तिचं’. तिने काही केले नाही, तिचे काही झाले. ‘नॉर्मल’ ह्या शब्दाने एका वाटेस नियम ठरविले की दुसरी अपवाद ठरते, आणि अपवादाचा जाब विचारला जातोच. ‘नैसर्गिक प्रसूती’ हा आपल्या लेखकांचा आवडता शब्द ह्याहून सौम्य नाही. तो केवळ अधिक संस्कृत आहे.

बारशाच्या प्रसंगाकडे परत जाऊन हे टिपण संपवतो. गृहस्थांचे बोलणे ऐकून माझ्या चुलत सासूबाईंनी, ज्यांनी त्या आळीत कित्येक बाळंतपणे निस्तरली आहेत, बाळंतिणीला विचारले, “पहिल्यांदा पाजलं कवा ग?” मग, “मधाचं बोट लावलं व्हतं का कुणी?” मग, “अन् गुटी कोणत्या पाण्यात उगाळता?” प्रतिजैविकांचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, तो त्यांच्या अनुभवाबाहेरचा, पण उरलेले तिन्ही प्रश्न पुण्याच्या वा ब्रिटनच्या प्रश्नावलीत शोभले असते. मला कुतूहल वाटले म्हणून मी तेथे जमलेल्या स्त्रियांना, त्यांच्याच शब्दांत, ‘नॉर्मल की सिझर’ असे विचारून पुढे काय काय झाले ते सांगा म्हटले. ही पाहणी नव्हे, गप्पाच होत्या. त्यांवरून कोणतेही प्रमाण काढता येणार नाही. परंतु त्यातील एक उत्तर जसेच्या तसे देतो, कारण ते कोणत्या रकान्यात लिहावयाचे ह्याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही : “नार्मलच झाली ना, सूनबाई. नुसतं कळांचं सलाईन लावलं, टाके पडले, पाच दिवस इंजेक्शनं दिली, अन् लेकरू तीन दिवस काचेच्या पेटीत होतं.”